आठ आणि एक

आठवा सुरुंग वाजला आणि सुरुंगवाल्याने आठवं बोट दुमडलं. आडोशाच्या भिंतीमागे तो उकिडवा बसला होता, दोन्ही हात समोर धरून. वर उडालेली खडी खाली पडली, धूळ भिंतीवरून सरकत गेली, आणि नववं बोट ताठच राहिलं.

"झाले सगळे?" शेजारी बसलेल्या मुकादमाने विचारलं.

"आठ झाले."

"मी नऊ मोजले."

"तू आठच मोजलेस. नववा तुला हवा होता."

मुकादमाने कपाळाला हात लावला. पुढे काय होणार ते त्याला पाठ होतं. खाणीवर सगळे सुरुंगवाल्याला 'अर्धातास' म्हणत, आणि ते नाव त्याने स्वतःच्या करणीने मिळवलं होतं. एखादा सुरुंग फुसका गेला की पुरता अर्धा तास तो कुणाला भिंतीपलीकडे पाऊल टाकू देत नसे. एकदा मालक पंचविसाव्या मिनिटाला उठले, तर त्याने त्यांना बाही धरून खाली बसवलं होतं. बाही फाटली. मालक चिडले, पण बसले.

हे काम त्याला सासऱ्यांनी शिकवलं होतं, ते सासरे व्हायच्या आधी. त्यांच्या काळी भोकात दारू ठासायला लोखंडी पहार असे. ती दगडाला घासली की ठिणगी पडे, आणि मग माणूस जाई. सासऱ्यांनी भांडून लाकडी दांडा आणवला. लोक आधी हसले, वर्षभरात सगळ्यांच्या हातात लाकडी दांडे आले. इतका सावध माणूस, पण एका दुपारी एक सुरुंग वाजला नाही म्हणून दहाव्या मिनिटाला बघायला गेला. वात विझली नव्हती, आतल्या आत रेंगाळत जळत होती. त्यांना चादरीत गुंडाळून घरी आणलं तेव्हा त्यांची मुलगी, म्हणजे अर्धातासची आताची बायको, सोळा वर्षांची होती.

"काका, उद्यापासून हे बसणं संपलं," भिंतीमागेच बसलेल्या नवीन इंजिनीअर मॅडम म्हणाल्या. त्या आठवड्यापूर्वीच आल्या होत्या, आणि त्यांनी आणलेली सुरुंग उडवायची विजेची पेटी ऑफिसात टेबलावर रुबाबात बसली होती. "चौदा भोकं, एक खटका. पापणी लवायच्या आत सगळे उडतात."

"मग मोजायचं कसं?"

"आधी मोजायचं. मीटर लावला की कुठली तार तुटलीय ते खटका दाबायच्या आधीच कळतं."

अर्धातासने मान डोलावली. यंत्र चांगलं होतं, यात त्याला शंका नव्हती. सासऱ्यांना दाखवता आलं असतं तर बरं झालं असतं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

तिसावं मिनिट संपल्यावर तो एकटा गेला. वात मध्येच मेली होती. जुन्या भोकाला त्याने हात लावला नाही; हातभर अंतर सोडून शेजारी नवीन भोक पाडून घेतलं, भरलं, ठासलं, वात पेटवली आणि परत भिंतीमागे आला. या सगळ्यात दोन तास गेले. मग मोठा आवाज झाला आणि जुन्या भोकाचाही निकाल लागला. मुकादमाने सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच उशिराबद्दल कुरकुर सुरू केली.

घराकडे निघताना अर्धातासने सायकल रोजच्या वेगाने हाणली नाही. रोज सकाळी बायको विचारायची, "आज किती?" आणि लग्न झाल्यापासून तो तिला रोज एक सुरुंग कमी सांगत आला होता. नऊ असतील तर आठ. एखादा फुसका गेलाच तर घरापर्यंत ऐकू येणारे आवाज सांगितलेल्या आकड्याशी जुळावेत, तिचा जीव टांगणीला लागू नये; एखादा जास्त वाजला तर तिला त्याचं काही वाटणार नाही, हा त्यामागचा विचार. वीस वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं आणि आपल्या या युक्तीवर तो मनातून खूश होता. राहिला प्रश्न उशिराचा. गल्लीच्या तोंडाशी तो उतरला, मागच्या चाकाची हवा सोडली आणि सायकल ढकलत दारात आला.

बायको शिलाई मशीनसमोर बसली होती. मशीन बंद होतं. सुईखाली अर्धवट शिवलेला परकर तसाच अडकलेला होता.

"पंक्चर झालं," तो म्हणाला.

"कुठलं चाक?"

"मागचं."

"मागच्या वेळी पुढचं होतं."

तो चपला काढायला वाकला आणि तेव्हा त्याला मशीनची फळी दिसली. काळ्या लाकडावर कापडावर खुणा करायच्या खडूने आठ रेघा ओढलेल्या होत्या. मग वीतभर मोकळी जागा, आणि मग एकच रेघ. रोज तो येण्याआधी ती फळी पुसलेली असायची. आज ती पुसायची विसरली होती, किंवा विसरली नव्हती.

"हा शेवटचा शेजारच्या खाणीतला," तो म्हणाला.

"ती खाण बंद पडून चार वर्षं झाली."

तो स्टुलावर बसला.

"रेघा ओढून मोजतेस तू?"

"बाबांच्या वेळेपासून. ते खरा आकडा सांगायचे." तिने सुईखालचा परकर सोडवला. "तुम्ही सांगता त्यापेक्षा रोज एक जास्त वाजतो. लग्नानंतर आठवड्यातच कळलं. म्हणून ज्या दिवशी बरोबर तुम्ही सांगितले तेवढेच वाजतात, त्या दिवशी मी मशीन बंद करते."

वीस वर्षांतला एकेक फुसका सुरुंग त्याला आठवत होता. ते सगळे तिच्यापासून लपवले, असं तो धरून चालला होता.

"अकरा वेळा," तो म्हणाला.

"बारा. आजचा धरून."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्हाला बरं वाटायचं ना, मला काही कळत नाही म्हणून."

त्याने विजेच्या पेटीचं सांगितलं, खटक्याचं, मीटरचं. सांगता सांगता त्याच्याच लक्षात आलं आणि आवाज खाली गेला. "सगळे एकदमच उडणार. एकच आवाज. इथून मोजता येणार नाही."

तिने फडकं घेतलं आणि आठ रेघा पुसल्या. शेवटच्या रेघेवर फडकं क्षणभर थांबलं, मग तीही पुसली.

"म्हणजे आता सगळं तुमच्या सांगण्यावर," ती म्हणाली. "उद्या किती?"

जिभेवर 'तेरा' आलेच होते. त्याने ते गिळले.

"चौदा."

तिने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग खडू डब्यात टाकला, डब्याचं झाकण लावलं आणि सायकलचा पंप आणायला उठली.