उपाशी बाळंतीण

बाळंतिणीचं पोट रिकामं राहता कामा नये, हा लक्कव्वाच्या घरातला नियम. तो मोडायची कुणाची छाती नव्हती. पहाटे बाळ रडलं की ती उठायची, बाळ लेकीच्या मांडीवर द्यायची आणि लेकीच्या हातावर डिंकाचा लाडू ठेवायची.

त्या लाडवानंच घोटाळा केला.

गौतमीला गरोदरपणात शुगर निघाली होती. बाळंतपण नीट झालं, पण सहा आठवड्यांनी उपाशीपोटी रक्त तपासायला या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. शुगर गेली की मुक्कामाला राहिली, ते त्यावरून कळणार होतं. उणकलहून रिक्षानं ती दवाखान्यात गेली. "काही खाल्लं नाही ना?" लॅबमधल्या मुलीनं विचारलं, तेव्हा तिला पहाटेचा लाडू आठवला. अर्धवट झोपेत, सवयीनं खाल्लेला. तशीच परत आली.

"बरं झालं," लक्कव्वा म्हणाली. "बाळ बाहेर आलं, शुगर पण गेली. आता कशाला सुया टोचून घेतीस?"

"अव्वा, मी जन्मले तेव्हा किती वजनाची होते गं?"

"साडेचार किलो!" लक्कव्वाचा चेहरा खुलला. "सगळी गल्ली बघायला आलती. नर्सबाई म्हणाली, पैलवान आणलास की!"

"डॉक्टरीणबाईंनी हेच विचारलं मला. म्हणाल्या, तेव्हा आईलाही बहुतेक शुगर असावी. कुणी तपासलीच नाही."

लक्कव्वाची नजर स्वतःच्या डाव्या पायाकडे गेली. त्या पायाची दोन बोटं कापावी लागली, तेव्हा कुठे तिला शुगर असल्याचं घरात कळलं होतं. गौतमीला भीती होती ती त्या पायाची.

संध्याकाळी जावई प्रेमानंद तारिहाळच्या कारखान्यातून आला, तर लक्कव्वानं लाडवांचा डबाच त्याच्या हातात दिला.

"जावईबापू, उद्या कामावर न्या. वाटून टाका."

"मामी, आमच्या फिटर लोकांत कोण बाळंत झालंय?"

"न्या म्हटलं की न्यायचं."

पहाटे बाळ रडलं. गौतमीचा हात सवयीनं पुढे झाला. लक्कव्वानं त्यात पाण्याचा तांब्या दिला. "आज एवढंच."

दवाखान्यात रक्त घेतल्यावर गौतमीला ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं; दोन तासांनी पुन्हा रक्त घ्यायचं होतं. "उपाशी ठेवायचं आणि वर साखरच पाजायची! कसली ही तऱ्हा," लक्कव्वा पुटपुटली. पण बाळाला खांद्यावर घेऊन ती बाकावरून हलली नाही. ते रडलं की आत नेऊन लेकीकडे द्यायची.

"पाजा की," नर्स म्हणाली. "अंगावर पाजणं तुमच्याही शुगरला चांगलंच."

रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मधुमेह नाही. पण शुगर काठावर आहे. रोज चाला, खाणं सांभाळा, दरवर्षी तपासा. वेळेत कळलंय, आवरता येईल."

गौतमीनं त्यांना हात जोडले. मग बाहेर येऊन आईलाही जोडले.

"मला कशाला गं?" लक्कव्वानं पिशवीतून फडकं काढून सोडलं. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. "खा आधी."

"तू खाल्लंस?"

"तू उपाशी, आणि माझ्या घशाखाली उतरंल?"

"आणि शुगरची गोळी?"

"खाल्लंच नाही तर गोळी कसली."

"अव्वा!" गौतमीनं कपाळाला हात लावला. मग भाकरी मोडून पहिला तुकडा आईच्या हातावर ठेवला. "हा तुझा. आणि उद्यापासून उणकलच्या तळ्याकडे चालायला दोघी."

लक्कव्वानं बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि तुकडा तोंडात घातला.