थांबण्याची विद्या

मार्गशीर्षातली दुपार होती. निळ्या, निरभ्र आकाशातून कोवळं पिवळं ऊन नदीकाठच्या गावावर झरत होतं. उसाच्या तुऱ्यांवर रुपेरी, घाटाच्या पायऱ्यांवर सोनेरी, आणि पाच मजली काचेच्या इस्पितळावर नुसतंच आदळून माघारी फिरणारं. आत, अतिदक्षता विभागात, दिवस नव्हता, ऋतू नव्हता. होता फक्त दुधाळ दिव्यांचा अखंड, अनिमिष उजेड.

त्या उजेडात एस्तेर साळवे सिस्टर सात नंबरच्या खाटेपाशी उभी होती. खाटेवर केरबा माळी. ऐंशी वर्षांचे, पानमळ्यात जन्म गेलेले, कृश, काष्ठवत. मूत्रपिंडं थकलेली, फुप्फुसं थकलेली. दोनदा घशात श्वासाची नळी उतरली होती, दोनदा निघाली होती. आता तोंडावर प्राणवायूचा मास्क. आणि तो ओढू नये म्हणून दोन्ही मनगटं कठड्याला पट्टीनं बांधलेली.

गाठ एस्तेरनंच मारली होती. मऊ कापूस घालून, हळुवार. पण गाठ ती गाठच.

आणि तिला आठवलं तीस वर्षांपूर्वीचं मिशनचं इस्पितळ. लाल कौलांचं, लिंबाच्या सावलीतलं, फिनेल आणि बुचाच्या फुलांच्या मिश्र गंधाचं. पश्चिमेला लांबच लांब व्हरांडा. ज्याचे उपाय सरले, त्याची खाट चौघं उचलून तिथे आणत. लेकी पाय चेपत, नातवंडं अंगणात खेळत, कुणी अभंग म्हणे, कुणी स्तोत्र. डॉक्टर उजगरे येत, नाडी धरत आणि घरच्यांना सांगत, “माझं संपलं. आता औषध तुम्ही.” सांगताना त्यांचा आवाज कापे, पण सांगत. ओल्या कापसानं सुकले ओठ टिपायला विशीतली एस्तेर तिथेच शिकली.

ते दिवस सोन्याचे नव्हते. साध्या तापानंही माणसं जात. पण एकटं कुणी जात नसे.

“सिस्टर, चार वाजता पुन्हा ट्यूब टाकू,” फाईल चाळत डॉक्टर हर्डीकर म्हणाले. विभागाचे प्रमुख, चाळिशीतले, निष्णात, निद्राहीन.

“सर, आजोबा नको म्हणताहेत.”

“त्यांना बोलता कुठे येतंय?”

“मान हलवतात. रोज हलवतात.”

“इथे आपण थांबत नाही, सिस्टर.”

हे वाक्य कुठे लिहिलेलं नव्हतं, तरी त्या इमारतीत सगळे पाळत. नवी नर्स पहिल्या आठवड्यात शिके, नवा डॉक्टर पहिल्या राउंडला. एस्तेरही बारा वर्षं पाळत आली होती. बंद पडलेल्या छात्यांवर तिनं दाब दिले होते. त्या दाबाखाली मोडलेल्या म्हाताऱ्या बरगड्यांचा आवाज, कितीही साबण लावला तरी, तिच्या तळव्यांतून जात नव्हता.

तिनं पाहिलं; पट्टीखाली निळसर वळ उठला होता. तिची बोटं तिला न विचारताच पुढे झाली. एक गाठ सुटली. दुसरी सुटली.

“काय करताय, सिस्टर?”

“विचारतेय, सर.” ती खाली वाकली. “आजोबा, परत नळी घालायची का?”

मान हलली. नाही. मंद, थकलेली, पण निःसंदिग्ध.

“मग काय हवं?”

मास्कच्या धुक्यातून एकच शब्द आला. “इंदी.”

इंदुबाई त्यांची लेक. अकरा दिवस बाहेरच्या लोखंडी बाकावर बसलेली, दिवसाकाठी दहा मिनिटांच्या भेटीवर जगलेली. एस्तेरनं तिला आत आणलं. नळी नको असं बाबा पूर्वी कधी म्हणाले होते का, हर्डीकरांनी विचारलं.

“रोज म्हनत हुतं, सायेब. पर आमास्नी कुणी इचारलंच न्हाई,” ती म्हणाली. “तुमी सही मागितली, आमी दिली. नको म्हटलं तर आमीच बापाला मारल्यावानी झालं असतं.”

हर्डीकरांनी हातातली फाईल मिटून खाटेच्या पायथ्याशी ठेवली. “नळी टाकायला मला झोपेतही जमेल, सिस्टर,” ते हळूच म्हणाले. “थांबायचं कसं, ते कुणी शिकवलंच नाही.”

“आधी इंदुबाईंना खरं सांगा, सर. पुढचं मी बघते.”

आपले उपाय सरले, हे त्यांनी सांगितलं. अडखळत, शब्द शोधत, पहिल्यांदाच सांगावं तसं. मग फाईलमध्ये लिहिलं: नळी नको, धाप कमी करणारं औषध द्यावं, लेकीला जवळ बसू द्यावं.

एस्तेरनं मॉनिटरची किणकिण बंद केली. तेव्हा कुठे त्या खोलीत केरबांचा श्वास ऐकू आला. इंदुबाई बोलत राहिली, पाटाच्या पाण्यासारखी, संथ, सलग. शेवग्यावरचा पानाचा नवा वेल खांद्याला आलाय. विहीर भरल्याली हाय. काळी गाय यंदा फळली. म्हाताऱ्याच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. हसू असेल, नसेलही. सहाच्या सुमारास श्वास लांबला, विरळ झाला, विरून गेला.

तीन नंबरच्या खाटेवरची मनगटं अजून बांधलेलीच होती. हर्डीकर तिकडे पाहत होते.

एस्तेर आणि इंदुबाई, दोघींनी मिळून केरबांचे पाय कोमट पाण्यानं धुतले. टाचांच्या खोल, जुनाट भेगांत मळ्याची काळी माती अजून होती. इस्पितळाचे अकरा दिवस तिच्यापर्यंत पोचलेच नव्हते. घमेल्यातलं पाणी हळूहळू गढुळलं. ते मोरीत ओतायला इंदुबाई धजावेना. घमेलं उचलून ती जिना उतरली, फाटकापाशी आली, तगरीच्या बुंध्याशी वाकली. आणि ते सावळं पाणी, धारेधारेनं, थेंबाथेंबानं, मुळांत उतरलं, मातीत मुरलं, मुकं झालं.