चौथा घाणा

अकोल्याच्या मे महिन्यात नुसत्या सोयामेणाच्या मेणबत्त्या वाकतात, म्हणून रागिणी त्यात धारणीहून आणलेले मधमाश्यांचे मेण मिसळत होती. परवा अमरावतीच्या दुकानात चाळीस मेणबत्त्या पोहोचवायच्या होत्या आणि आतापर्यंत ओतलेले तिन्ही घाणे तडकले होते. दर वेळी तिने चिडून वहीत प्रमाण बदलले होते: आधी पाव हिस्सा, मग पाचवा, मग दहावा.

चौथ्यांदा साचे भरून ती हात धुऊन आली, तर सासूबाई माणिकबाई साच्यांचा ट्रे कूलरसमोर सरकवत होत्या.

“आत्याबाई, हे काय करून राहिल्या?”

“थंड करून राहिली. गरमीत जमत नाही म्हनते ना तू? तिन्ही खेपेले मीच तं ठेवले.”

“एकदम थंड झालं की तडकते ते.”

“मंग मले सांगतलं काहून नाही? तू तं त्या वहीतच पाहून राहिली.”

रागिणीने वही मिटली आणि कूलर बंद केला. माणिकबाई घाम पुसत साच्यांजवळ बसल्या आणि पदराने वारा घेऊ लागल्या. मात्र साच्यांना वारा लागू नये म्हणून त्यांच्याकडे पाठ करून.