गडग्यापलीकडची निळी टाकी

मी टाकी बोलतेय. रत्नागिरीजवळच्या पावस गावाच्या वाटेवर, खाडीकाठच्या वाडीत गोदूबाईंच्या परसात मी असते. घर बांधून उरलेल्या सिमेंटात काशीराम गवंड्याने मला उभी केली. माझा एक कोपरा वाकडा राहिला, तो राहिलाच.

मध्ये चिऱ्यांचा बुटका गडगा आणि पलीकडे मनिषाकाकूंची टाकी. तिला आतून-बाहेरून निळ्या फरशा आहेत. खरं सांगते, ती मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही.

गेल्या वर्षी वाडीत डेंग्यूने पुष्कळ माणसं आजारी पडली. म्हणून यंदा ग्रामसभेत ठरलं, की दर शनिवारी पिंपं, हंडे रिकामे करून घासायचे. आम्हा टाक्यांना मात्र असं रिकामं करता येत नाही, कारण नळ एक दिवसाआड येतो. आमच्यात गप्पी मासे सोडायचे.

वाडीत आरोग्याचं काम बघणारी आशाताई मृणाली बरणीतून मासे घेऊन आली. गोदूबाई हसल्या. "आमचे बाप्ये दर्यातून मासे काढतात, नि तू टाकीत सोडतेस होय गो?"

"डासांच्या अळ्या खातात ते, आजी. दुसरं काही खायला घालू नका."

पण मनिषाकाकूंच्या दारात कुणी उपाशी राहिलेलं त्यांना चालत नाही. त्यांची नात वेदिका रोज दुपारी निळ्या टाकीत भाताची मूठ सोडायची. मासे चांगले गुबगुबीत झाले. वाडीतली पोरं तिथे ओणवी होऊन बघत बसायची. माझ्यात कोण बघणार? माझे मासे बारीक, सदा काहीतरी शोधत फिरणारे. गोदूबाई माझं झाकण नीट लावत आणि टोपली घेऊन बाजारात जात. मला फार राग यायचा.

एकदा गडग्यावरून काकू म्हणाल्या, "काय गो गोदू, तुझ्या माशांचे काटे दिसायला लागले! घाल की चार शितं."

"आशाताई नको म्हणालीय."

"ती कालची पोर! मासळीतलं तिला काय ठाऊक? आपला जन्म मासळीत गेला."

गोदूबाई आत जाऊन भात घेऊन आल्या. हात माझ्यावर धरला. घाला, घाला, असं माझ्या मनात चाललं होतं. पण त्यांनी हात मागे घेतला आणि भात कोंबड्यांना टाकला. कोंबड्यांचासुद्धा मला हेवा वाटला.

मग वेदिकाला ताप आला. अंग इतकं दुखायचं, की रडणं इथपर्यंत ऐकू यायचं. रक्त तपासलं तर डेंग्यू. तिला रत्नागिरीला दवाखान्यात ठेवलं.

मृणाली बॅटरी घेऊन आली. निळ्या टाकीत अळ्या वळवळत होत्या, अगदी माशांच्या तोंडासमोर.

"पोट भरलेला मासा अळीमागे कशाला धावेल, काकू?"

काकू गडग्याला टेकून खालीच बसल्या. "मीच सांगितलं गो पोरीला, भात घाल म्हणून."

नंतर मृणालीने माझ्यात उजेड टाकला. एकही अळी नव्हती. ती काकूंना म्हणाली, "ह्या टाकीत बघा." काकू उठून आल्या, वाडीतल्या बायका आल्या, सगळ्यांनी वाकून पाहिलं. ह्याच क्षणाची मी किती वाट पाहिली होती! पण माझं कौतुक कोण करणार? डोळे माझ्यावर, आणि जीव सगळ्यांचा दवाखान्यात.

निळी टाकी उपसून, घासून पुन्हा भरली. वेदिका बरी होऊन घरी आली, पार सुकलेली. आल्या आल्या कुठे गेली असेल? त्या निळ्या टाकीकडेच. माझ्याकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

मला अजून वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण तिचं ते रडणं मला पुन्हा ऐकायचं नाही, आणि तिथला डास काही गडग्याशी थांबणार नाही. म्हणून तुम्हालाही विनवते, आठवड्यातून एकदा आपल्या टाकीचं झाकण उचलून आत बघा. आणि वेदिका निळीकडे जाते तर जाऊ दे. फक्त रिकाम्या हाताने जाऊ दे.