चाळीस सेकंदांत रिकामी झालेली खाण

आमचे हे खाणीतले इंजिनिअर. लग्नानंतरच्या तीस वर्षांत पाच देश झाले, पण परक्या भाषेशी यांचं कधी सूत जुळलं नाही. कुठेही गेलं की तीनच शब्द शिकायचे: थांबा, पळा आणि चहा. बाकी कारभार हातवाऱ्यांवर.

तिसऱ्या देशात तर पेट्या उघडायच्या आधीच कामावर रुजू व्हावं लागलं, त्यामुळे ते तीन शब्दही राहून गेले. पाचव्याच दिवशी हे खाली बोगद्यात असताना छतातून माती गळायला लागली. मग लाकडी टेकू कुरकुरले. टेकू कुरकुरला की शहाण्याने वाद घालू नये, असं हे नेहमी म्हणतात. सायरन वाजला. पण तो दिवसातून दहा वेळा उगाचच वाजायचा, त्यामुळे बावीस कामगारांपैकी एकानेही मान वर केली नाही. तिथल्या भाषेत 'पळा'ला काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं, म्हणून मागच्या देशातला शब्द बेंबीच्या देठापासून ओरडले, "बोराबो, बोराबो."

फावडी जिथल्या तिथे पडली. बावीस जण जे सुटले ते यांना मागे टाकून गेले. सगळ्यात पुढे मुकादम. त्याचा गुडघा दुखतो म्हणून त्याला आठवडाभर बैठं काम दिलेलं होतं. हे शेवटी धापा टाकत बाहेर पडले आणि मागे छत धाडकन खाली आलं. कुणाला साधं खरचटलंही नाही.

यांना वाटलं, आता लोक गळ्यात पडतील. मुकादम जवळ आला, इकडेतिकडे बघितलं आणि दुभाष्यामार्फत विचारलं, "कुठे आहे?"

"काय?"

"जेवण. पानं वाढलीत, या, असं साहेबच म्हणाले ना?"

त्या भाषेत बोराबोचा अर्थ तो होता. यांनी मला फोन लावला.

"अगं, बावीस माणसं जेवायला आणतोय."

"अहो, घरात सहा अंडी आहेत."

"मग रस्सा वाढव. माझ्या तोंडून शब्द गेलाय."

सगळे आले, न उघडलेल्या पेट्यांवर बसून जेवले. मुकादमाने तीनदा मागून घेतलं.

मॅनेजरने वर कळवलं, की जी खाण रिकामी व्हायला चार मिनिटं लागायची ती या माणसाने चाळीस सेकंदांत रिकामी केली. यांनी खरं काय ते सांगून पाहिलं. "ते अहवालात बसत नाही," मॅनेजर म्हणाला. झालं, तेव्हापासून यांना देशोदेशी हेच शिकवायला पाठवतात.

आता नव्या जागी पोचले की हे आधी दुभाष्याला विचारतात, "तुमच्याकडे 'जेवायला चला' कसं म्हणतात?" दुभाष्याला वाटतं, साहेबांना भूक लागली. लगेच ताट येतं. अन्नाला नाही म्हणू नये, म्हणून हे बसतात. मग मॅनेजर जेवायचा आग्रह करतो, मग मुकादम, आणि प्रत्येकाबरोबर एकेक ताट.

चौदा किलो वाढलंय वजन. खाणीच्या लिफ्टमध्ये आठ माणसं मावतात. हे असले की सहा.