सगुणाबाईंच्या गाण्यातली तारीख

सगुणाबाईंचा आवाज गोड नव्हता. नव्या दोराला पीळ भरताना निघतो तसा तो करकरीत, ताणलेला आणि न तुटणारा होता. धानाच्या बांधीत घोटाभर पाणी आणि त्या पाण्यात उतरलेले राखाडी आभाळ असे, तेव्हा तो आवाज निघे आणि वाकलेल्या पाठींची अख्खी रांग एकदम हले. डाव्या हातातल्या पेंढीतून उजवा हात चार काड्या सोडवी, अंगठा चिखलात रुते, आणि ओळ संपता संपता पऱ्हे, धानाची ती कोवळी रोपे, पाण्यात उभे राहिलेले असत. बाई ओळ सांगत, रांग ती परत म्हणे. गाणे तोंडाने म्हटले जाई तसेच हाताने. त्यामुळे एखादी गप्प राहिली की तिच्यासमोर पाण्यात तेवढी जागा रिकामी दिसे.

आरमोरीजवळच्या आमच्या गावात रोवणीची गाणी सगळ्याच बायांना येत. तारीख घालून गाणे बांधणाऱ्या सगुणाबाई एकट्याच. कुणाची भिंत कोणत्या तारखेला बसली, कुणाची बायको कोणत्या तारखेला कुणाबरोबर निघाली, हे त्यांच्या गाण्यात असे. नाव कधीच नसे. मी त्या वर्षांत चंद्रपूरच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. कुजबुजीला तारीख मिळाली की तिची बातमी होते, हे आमच्या धंद्यात पहिल्याच आठवड्यात कळते. सगुणाबाईंच्या गाण्यांचे बळ नेमके तेच होते. त्यांना नाव घ्यावे लागत नसे. तारीख उच्चारताना त्यांचे बारीक डोळे रांगेवरून एकदा फिरत, आणि जिची तारीख असे तिची मान आणखी खाली जाई.

वनिताची तारीख सतरा जुलै. उन्हाळ्यात लग्न होऊन गेलेली ही पोरगी रोवणीच्या ऐन दिवसांत पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन, भिजत, एकटीच बापाच्या दारात परत आली. नवऱ्याने हाकलले होते. का, ते तिने सांगितले नाही. रोवणी संपता संपता, ऐकीव तारखेवर, गाणे तयार झाले:

सतरा जुलैले बाई, सतरा जुलैले
पेटी घेऊन परत आली बापाच्या गावाले
अंगाची हळद गेली नाई, नवऱ्यानं हाकलली

वनिता त्याच रांगेत होती. तिनेही ओळ परत म्हटली.

पुढच्या वर्षी बापाने तिचा पाट लावून दिला, वैनगंगेपलीकडे, सावली तालुक्याच्या बाजूला. पहिला नवरा तापाने गेला, असे त्याने नव्या सासरी सांगितले. विधवेचा पाट कुणाला खटकत नाही. हाकललेल्या बाईकडे मात्र संशयाने पाहिले जाते. नदी ओलांडली की जिल्हा बदलतो, ओळख बदलते, असे त्याला वाटले असावे. गाण्याला मात्र नदीची अडचण नसते. आपल्या गावची रोवणी आटोपली की बायांच्या टोळ्या नदीपार कामाला जातात, आणि त्यांच्याबरोबर गाणी जातात. वनिता नांदायला गेली तेव्हा ते गाणे त्या गावात आधीच पोचलेले होते.

हे मला कळले ते पाटानंतर चार वर्षांनी, ऑगस्टच्या एका दुपारी. माझ्या मेहुण्याची शेती त्याच गावात. त्याला बाया मिळेनात, म्हणून मी आमच्या गावची टोळी घेऊन गेलो होतो. दोन्ही गावांच्या बाया एकाच बांधीत उतरल्या. आभाळ फाटून मधूनच ऊन पडत होते आणि पाण्यावरची त्याची तिरीप डोळ्यांना टोचत होती. रांगेच्या टोकाला वनिता होती, शेजारी तिची सासू. सगुणाबाईंनी तिला पाहिले, ओळखले, आणि रोवायला नवी पेंढी सोडली.

"बाई, ते पेटीवालं म्हणा ना!" त्या गावची एक बाई ओरडली. "आमी म्हणतो, पण तुमच्यासारखी चाल नाई येत."

सगुणाबाईंनी म्हटले. रांगेने परत म्हटले.

"त्या पोरीनं केलं काय होतं वं?" कुणीतरी विचारले.

"केलंच असंन काईतरी," वनिताची सासू म्हणाली. "बिनाकामानं हाकलते काय कोणी?"

सगळ्या हसल्या. वनिताही हसली, आणि तिचे पऱ्हे इतरांच्या बरोबरीने उभे राहत गेले. एकही जागा रिकामी राहिली नाही.

जेवणाच्या सुटीत ती धुऱ्यावर, बांधीच्या उंच कडेला, सगुणाबाईंच्या जवळ येऊन बसली. मी दोन हातांवर होतो. शिदोरीतला अर्धा कांदा तिने बाईंच्या भाकरीवर ठेवला आणि हळूच म्हणाली, "बाई, तुमची तारीख चुकली होती."

"कोणती वं?"

"मी सतराले नोती आली. अठ्ठावीसले आली होती. म्हणून म्हणतो मी बी सगळ्यांसंगं. ते माह्यं गाणं नोहेच. दुसऱ्या कोणाचं आहे."

एवढ्याशा चुकीच्या आडोशाला तिने संसार मांडला होता. तिचा चेहरा त्या क्षणी पाऊस उघडल्यावरच्या बांधीसारखा शांत होता. बाईंना ती काही मागत नव्हती; फक्त सांगत होती.

सगुणाबाई खाता खाता थांबल्या. "अठ्ठावीस?" त्या म्हणाल्या. "काऊन नाई सांगतलं मले? पाच वर्सं चुकीचं म्हणून राह्यलो आमी."

त्या स्वरात राग नव्हता, द्वेषही नव्हता. त्यात होती ती कारागिराची लाज. जेवण संपेपर्यंत त्यांचे ओठ हलत राहिले. अठ्ठावीस हा शब्द त्या चालीत बसत नाही. त्याला जागा करायची तर आधीचा एक 'बाई' काढावा लागतो. त्यांनी तो काढला.

रांग पुन्हा वाकली. बाईंनी कुणी न सांगता तेच गाणे उचलले, आणि खणखणीत आवाजात म्हटले:

अठ्ठावीस जुलैले, अठ्ठावीस जुलैले

बाया क्षणभर अडखळल्या, मग नव्या तारखेने ओळ परत आली. रांगेच्या टोकाला ती आली नाही. वनिताच्या हातात पेंढी तशीच होती. तिच्यासमोर पाण्यात रिकामी जागा पडली, आणि त्या जागेत तेवढे आभाळ दिसू लागले.

सासूने आधी ती जागा पाहिली, मग सुनेकडे पाहिले. "थांबली काऊन वं?"

वनिताने घाईघाईने पेंढीतून काड्या सोडवल्या.

"सतराले तं मोठ्यानं म्हणत होतीस," सासू म्हणाली.

सगुणाबाई पुढची ओळ सांगत होत्या. पेटीची.

दिवस मावळायच्या आत वनिता तीच पेटी घेऊन नदीच्या वाटेला लागली. बापाच्या गावी ती पोचली नाही. कुणी म्हणे गडचांदूरला खाणीवर दिसली, कुणी म्हणे आणखी दक्षिणेला, तेलुगू मुलखात. खात्री करता येईल असे काही कुणी सांगितले नाही, म्हणून मीही ते कधी छापले नाही.

पुढच्या आषाढात सगुणाबाईंच्या गाण्याला दुसरे कडवे आले, त्या ऑगस्टमधल्या दुपारच्या तारखेचे. ती तारीख अचूक होती. मी त्या दिवशी धुऱ्यावर होतो. बाईंनी मला विचारून खात्रीही करून घेतली. "बरोबर आहे ना भाऊ?" मी हो म्हणालो. त्यांनी समाधानाने मान हलवली.

आता बाई नाहीत. दोन्ही तीरांवर गाणे आहे. गाण्यातल्या तारखेला दिवस असतो, महिना असतो, साल नसते. म्हणून ती पावसाबरोबर दर वर्षी परत येते. वनिताला साल होते. ते उलटून गेले, ती परत आली नाही.