तुळजाबाईचा हात

धनश्रीने सासूच्या मांडीवरून चारूला उचललं, खांद्यावर टाकलं आणि पायांत चपला सरकवल्या. पोरीच्या अंगाला जवसाचं कोमट तेल चोपडलेलं. ती हातातून निसटायला लागली, तशी धनश्रीने ओढणीने तिला आवळून धरलं.

"कुठं चालली वं?" तुळजाबाईने विचारलं.

"अंगणवाडीत. नऊ महिने झाले. निमोनियाची शेवटची सुई हाये आज."

"नाक गळून राहिलं पोरीचं, अन् तू सुया टोचशीन? फणफणली तं कोण पाहीन?"

"मी पाहीन. साध्या सर्दीत देता येते, सिस्टरले विचारलं म्या."

"सिस्टरले विचारलं. अन् मले?"

तुळजाबाई बसली होती ती जागा साऱ्या गल्लीला ठाऊक होती. सक्करदऱ्याकडच्या या विणकरांच्या वस्तीत आता कुणाच्या घरी माग वाजत नाही. यांच्याही घरी मागाचा खड्डा बुजवून वर फरशी टाकली होती, आणि त्या फरशीवर बसून तुळजाबाई लेकरांचा डब्बा उतरवायची. लेकरू धापा टाकायला लागलं, श्वासागणिक फासळ्यांखाली खळगा पडायला लागला, की गल्ली म्हणायची, डब्बा झाला; दवाखान्यात त्यालाच निमोनिया म्हणत. मग आयाबाया लेकरू उचलून इथेच धावत यायच्या. तुळजाबाई छाती चोळायची, पोटावर तापल्या बिब्ब्याचे ठिपके द्यायची. म्हातारीने कधी कुणाकडून पैसा घेतला नाही, हे खरंच. पण 'तुमच्या हाताले गुण हाये' एवढं कुणी म्हटलं, की दिवसभर तिची मान ताठ असायची. त्यातली निम्मीअर्धी लेकरं नुसत्या सर्दीची, न चोळताही बरी झाली असती. पण ते बोलून दाखवायची कुणाची छाती?

पुष्करलाही याच फरशीवर चोळलं होतं. धनश्रीचा पहिला मुलगा. त्याला एकही सुई दिलेली नव्हती; ज्या घरात तुळजाबाई आहे त्या घरात सुई कशाला, असंच सगळे म्हणायचे. त्या हिवाळ्यात तो धापा टाकायला लागला तेव्हा धनश्री दवाखान्यात नेऊ म्हणून रडली, भांडली. शेवटी धंतोलीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी त्याचं झबलं वर केलं आणि ते ठिपके पाहून काही न बोलता खाली केलं. पुष्कर त्याच रात्री गेला. ते 'काही न बोलणं' धनश्री अजून विसरलेली नाही.

चारूच्या आधीच्या सुया माहेरी, उमरेडला झाल्या. तिथे अडवायला कुणी नव्हतं. आजची मात्र सासरी घ्यायची होती, गल्लीच्या डोळ्यांदेखत.

"हे पाय, धनश्री," तुळजाबाईचा आवाज खाली आला. "माह्याच घरची पोर तिथं गेली, तं लोक काय म्हणतीन? म्हणतीन, बुढीवर तिच्या सुनेचाच भरोसा नाही."

"म्हणू द्या. नाहीच हाये."

धनश्री बोलून गेली. सकाळी कळमन्याच्या बाजारात जाताना संजीव एवढंच म्हणाला होता, आईले दुखवू नको. पुष्करच्या वेळीही नवऱ्याचं हेच वाक्य होतं. मरो ते वाक्य! तिने उंबरा ओलांडला.

"गेली तं वापस येऊ नको!" मागून आवाज आला.

"येईन. माहं बी घर हाये ते."

अंगणवाडीच्या पायरीवर गल्लीतल्या बाया लेकरं कडेवर घेऊन उभ्या होत्या, पण आत एकही नव्हती. वाट पाहून कंटाळलेल्या कामिनी सिस्टर खिडकीतून डोकावत होत्या.

"सासूनं हो म्हटलं का वं?" एकीने विचारलं.

"नाही म्हटलं. तरी आणली."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मग सगळ्यांच्या नजरा धनश्रीच्या मागे गेल्या आणि पायरी आपोआप मोकळी झाली. तुळजाबाई येत होती. अनवाणी, हात तसेच तेलाचे.

धनश्री चारूला घेऊन आत शिरली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "नेऊ देणार नाही, आई. इथं साऱ्यांसमोर भांडीन, पण नेऊ देणार नाही."

तुळजाबाईने सुनेकडे पाहिलं, ओढणीतून घसरणाऱ्या नातीकडे पाहिलं. मग सतरंजीवर बसली आणि मांडीवर हात आपटला.

"आन इकडं. तेल लागलं हाये तिले, तुह्यानं नाही धरल्या जात."

"सुई झाल्याबिगर उठायचं नाही."

"नाही उठत म्हटलं ना!"

धनश्रीने क्षणभर तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि मगच पोर तिच्या मांडीवर दिली.

पुढचं झटक्यात झालं. तुळजाबाईच्या पकडीतून आजवर एकही लेकरू सुटलं नव्हतं. सिस्टरने आधी नवव्या महिन्याची गोवराची सुई दंडात टोचली, मग निमोनियाची मांडीत. चारूने अशी किंकाळी फोडली की पायरीवरच्या बाया दारात येऊन थबकल्या.

"तुळजाबाई, तुमी बी?"

"मी बी काय? तमाशा हाये का इथं? लेकरं घेऊन आल्या ना, मंग या आत!"

पहिली बाई चप्पल काढून आत आली. तिच्यामागे दुसरी. सिस्टरने कापसाचा बोळा तुळजाबाईच्या हातात दिला आणि त्या पुढच्या लेकराकडे वळल्या.

तुळजाबाई नातीच्या पायावर वाकली. गलक्यात फक्त सुनेला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "पुष्करले देल्ली असती तं..."

'जाऊ द्या' म्हणणं सोपं होतं, पण धनश्रीला जाऊ द्यायचं नव्हतं.

तुळजाबाईचा अंगठा सवयीने सुईच्या जागेवर गोल फिरायला लागला.

"चोळू नका, आई."

अंगठा थांबला.

"मंग काय करू?"

"काही नाही. नुसतं दाबून धरा."

तुळजाबाईने बोळा नीट केला आणि चारूचं रडणं ओसरेपर्यंत तसाच दाबून धरला.